सोडा आधी, लिंबूसत्त्व मागाहून

मित्रांनो, जरा पुढे सरका आणि माझं दार उघडं राहू द्या, म्हणजे आवाज नीट येईल. मी डिशवॉशर आहे. वयाने जुना, पण निवृत्त नाही. आज दुपारचीच भांडी उरकून निवांत बसलो आहे. उजव्या कोपऱ्यावरचा माझा रंग उडालाय, खालच्या जाळीचं एक चाक हट्टाने आडवं जातं, बाकी मी खणखणीत आहे. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात. पण भांडी लख्ख निघाली की लोक भांड्यांकडे बघतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. मग मी तरी काय करू?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी माझं पत्र्याचं अंग वळवलं, कुणी आत जाळ्या बसवल्या, कुणी पाणी उडवणारे हात लावले. हे हात गरगर फिरतात आणि गरम पाण्याचे फवारे मारतात. तेच माझं सगळं कसब. शेवटी एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी माझ्यात पाणी सोडलं, दाराला कान लावला आणि शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "हा बोलतो कमी, काम जास्त करतो. जाऊ दे याला." एवढं प्रमाणपत्र मला आजवर पुरलं आहे.

ज्या घरी मी आलो तिथे माणसं तीनच. वडीलधारे म्हणजे कंपाउंडरबाबा. त्यांचं आयुष्य एका दवाखान्याच्या खिडकीमागे गेलं. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि बाबा बाटलीत औषध कालवून देत. घरी बसल्यावरही त्यांचा कालवणारा हात थांबला नव्हता. चहात साखर घालतानासुद्धा ते चमचा डोळ्यांसमोर धरून पातळी बघत. त्यांचा मुलगा शाळेची बस चालवतो. घरीदारी त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणतात. आणि तिसरं माणूस म्हणजे सूनबाई, ड्रायव्हरची बायको. त्या रफू करतात.

रफू म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. कापडाला भोक पडलं की त्याच कापडाच्या शिवणीतून धागा काढायचा आणि एकेक धागा खालीवर ओवून ते भोक असं बुजवायचं, की मालकाने शोधायला बसावं आणि त्याला सापडू नये. सूनबाईंचं टेबल माझ्या शेजारीच, स्वयंपाकघरातल्या खिडकीशी होतं, कारण घरातला सगळ्यात चांगला उजेड तिथे येई. त्या सुईत धागा ओवत आणि मी भांडी धूत असे. अशी आमची जोडी जमली होती.

खरं तर मी त्या घरी आलो तोच त्यांच्या बोटांसाठी. पूर्वी त्या सगळी भांडी हाताने घासत. साबण आणि पाणी यांनी त्यांच्या बोटांची टोकं फाटत. जाडाभरडा कोट असला तर चालून जाई, पण रेशमावर फाटलं बोट ठेवलं की "टर्र" असा बारीक आवाज होतो आणि तंतू ओढला जातो. म्हणून त्या रोज सकाळी रेशमाच्या एका चिंधीवरून बोट फिरवून बघत. आवाज आला की त्या दिवशी रेशमाला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. डॉक्टरांनी त्यांना स्पष्टच सांगितलं, "बाई, रफू करा नाहीतर भांडी घासा. दोन्ही नाही जमणार."

तेव्हा घरातल्या दोन्ही पुरुषांनी बाह्या सरसावल्या होत्या. नाही असं नाही. पण ड्रायव्हरने घासलेलं ताट हातातून मासोळीसारखं निसटे, इतकं ते तेलकट राही; आणि बाबा एक पेला घासायला एवढा वेळ लावत, की तोवर पुढच्या चहाची वेळ होई. सूनबाई तोंडाने "छान झालं हो" म्हणत आणि दोघांची पाठ वळली की तीच भांडी पुन्हा घासत. शेवटी मला आणलं. माझ्या येण्याने त्यांची बोटं भरून आली, रेशमाची कामं पुन्हा येऊ लागली आणि मी छाती काढून उभा राहू लागलो. छाती म्हणजे दारच, पण तुम्ही समजून घ्या.

सगळं सुरळीत चाललेलं असताना गावाबाहेरचा पूल दुरुस्तीला बंद झाला. मालाचे ट्रक पलीकडेच थांबले. माझी धुण्याची पावडर मिळते ते दुकान गावात एकच, आणि तिथली फळी रिकामी पडली. दुकानदार म्हणाला, "पूल उघडेल तेव्हा येईल. पूल कधी उघडेल ते मला विचारू नका." डब्यातली शेवटची पावडर झटकून झटकून वापरली आणि मग तीही संपली.

त्यात घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं झालं. त्याच दिवशी दारात जादूगार आला. काखेत काळ्या रेशमाचा भलामोठा झगा होता आणि झग्याला कसरीने, म्हणजे कापड खाणाऱ्या किडीने, भोक पाडलं होतं.

"ताई, माझं भोक बुजवा," तो हात जोडून म्हणाला. "म्हणजे झग्याचं. मी हा झगा पसरतो आणि त्याच्यामागे माझ्या बायकोला गायब करतो. परवा पहिल्या रांगेतला एक जण ओरडला, अहो, त्या बघा तिथेच उभ्या आहेत! भोकातून तिचं नाक दिसत होतं."

सूनबाई हसून हसून बेजार झाल्या. मग झगा उजेडात धरून त्यांनी भोक नीट पाहिलं आणि त्या गंभीर झाल्या. "रेशीम फार जुनं आहे. जपून करावं लागेल. कधी हवाय?"

"महिनाअखेरीला मोठा खेळ आहे. सगळी तिकिटं गेली. दुसऱ्या दोघांकडे जाऊन आलो, त्यांनी हात वर केले. आता तुम्हीच."

सूनबाईंनी झगा ठेवून घेतला. रफूच्या धंद्यात एकदा शब्द दिला की दिला. आता तो शब्द त्यांच्या बोटांवर होता आणि बोटं माझ्यावर होती. माझ्याकडे मात्र पावडर नव्हती.

ड्रायव्हरने पहिला उपाय केला. त्याने हाताने भांडी घासायचा पातळ साबण उचलला. "हाही भांड्यांचाच, तोही भांड्यांचाच," असं म्हणून त्याने माझ्या कप्प्यात सढळ हाताने ओतला आणि बटण दाबलं. मित्रांनो, मी बोलू शकलो असतो तर ओरडलो असतो. तो साबण फेसासाठीच केलेला असतो. मला फेस चालत नाही. माझे फवारे त्यात अडकतात. माझ्या पोटात फेस फुगला, दाराच्या फटीतून बाहेर आला, फरशीवर पसरला आणि टेबलाच्या पायापर्यंत पोचला. सूनबाईंनी झगा उचलून डोक्यावर धरला.

"अहो, बंद करा ते!"

"कसं करू? बटण फेसाखाली गेलंय!"

"मेन स्विच, अरे मेन स्विच!" बाबा बाहेरून ओरडले.

दिवसभर मला साध्या पाण्याने धूत बसले आणि वर ड्रायव्हर म्हणतो, मशीनच बिघडलेलं दिसतंय. चोर सोडून संन्याशाला सुळी! मी गप्प राहिलो. बोलतो कमी, असं माझ्याबद्दल आधीच म्हटलेलं आहे.

मग कंपाउंडरबाबा पुढे झाले. त्यांच्या डोळ्यांत मी कित्येक दिवसांनी चमक पाहिली. "बाजूला व्हा," ते म्हणाले. "हे औषधाचं काम आहे." त्यांनी माळ्यावरून दवाखान्याच्या काळातली काचेची बाटली काढली. खाण्याचा सोडा घेतला, लिंबूसत्त्वाचे आंबट खडे खलात कुटले, आणि दोन्ही एकत्र पाण्यात कालवले. बाटलीत असा काही उफाळा आला, की ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला. "बघा जोर!" बाबा म्हणाले. उफाळा शांत झाल्यावर त्यांनी बूच लावलं आणि कागदाची कातरलेली पट्टी बाटलीला चिकटवली. पूर्वी डोस कळावा म्हणून अशी पट्टी लावायचे. मग चिठ्ठी डकवली: एक खूण सकाळी, एक खूण रात्री, जेवणानंतर. बाटली चांगली हलवून घेणे.

अशा रीतीने मी पेशंट झालो. बाबा रोज बाटली डोळ्यांसमोर धरत, खुणेपर्यंत औषध माझ्या कप्प्यात ओतत आणि दारावर हात ठेवून विचारत, "काय, बरं वाटतंय ना?" त्यांची माया खरी होती, म्हणून सांगायला जड जातं. मला काडीचंही बरं वाटत नव्हतं. त्या बाटलीत कसलाच दम उरला नव्हता. सोडा आणि आंबट यांचं जे काय भांडण व्हायचं ते बाटलीतच होऊन गेलं होतं; माझ्यापर्यंत दोघंही थकून येत. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशातला प्रकार. पेल्यांवर पांढरट थर बसू लागला आणि कढईचा तेलकटपणा कढईतच राहू लागला.

आता सूनबाई काय करणार? सासऱ्यांनी एवढ्या हौसेने केलेलं औषध. "छान निघाली हो भांडी, बाबा," असं त्या म्हणत. बाबा खुशीत फिरायला जात आणि त्या नळ सोडून सगळी भांडी पुन्हा घासत. मी शेजारी उभा राहून बघत असे. ज्या कामासाठी मला आणलं होतं, तेच काम माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या हातात परत गेलं होतं. मला फार वाईट वाटलं. यंत्राला वाईट वाटत नाही असं कुणी सांगितलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी सूनबाईंनी चिंधीवरून बोट फिरवलं आणि आवाज आला, टर्र. दुसऱ्या दिवशीही तेच. महिनाअखेर जवळ येत होती आणि झग्याच्या भोकात जेमतेम काही धागे पडले होते. त्या दिवशी त्यांनी झग्याची नीट घडी घातली आणि तो पिशवीत ठेवला.

बाबा फिरून आले, तर सून खिडकीशी रिकाम्या हातांनी बसलेली.

"काय गं, आज काम नाही?"

"बाबा, झगा परत देऊन टाकते. बोटं ऐकत नाहीत."

"दाखव बघू." बाबांनी चष्मा चढवला. त्यांनी सूनबाईंचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. प्रत्येक बोटाच्या टोकाला बारीक भेग होती आणि एका भेगेतून रक्त येत होतं. "हे पाण्याचं काम आहे, सूनबाई. तू भांडी घासतेस?"

सूनबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. बाबा समजले. ते उठले, माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि त्यांनी माझं दार उघडलं. आत त्यांनीच डोस देऊन धुतलेली भांडी होती. त्यांनी एका पेल्यावरून बोट फिरवलं आणि ते पांढरं जिभेला लावून पाहिलं. मग बाटलीचं बूच काढून थेंबभर औषधही चाखलं.

"धड आंबट नाही, धड खारट नाही," ते हळूच म्हणाले. "यात औषधच नाही."

 मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, उफाळ्याची औषधं! पोटात जळजळ झाली की डॉक्टर ती लिहायचे. मी दोन पुड्या बांधायचो, एक निळ्या कागदात आणि एक पांढऱ्या. प्रत्येक पेशंटला बजावायचो, आधी एकत्र करून ठेवू नका, सगळा जोर हवेत जाईल. लोकांना जन्मभर सांगितलं आणि घरी मीच कालवून ठेवलं! आणि तू पण, बोलायचं नाही का?"

"तुम्ही किती आनंदाने करत होता," सूनबाई म्हणाल्या.

"माझ्या आनंदासाठी स्वतःची बोटं फाडून घेतेस?" बाबांचा आवाज चढला. "पेशंटने बरं वाटत नसताना बरं वाटतं म्हटलं, तर औषध कसं बदलायचं? वेडी आहेस."

त्या दिवशी बाबांनी बाटलीतलं औषध ओतून टाकलं. कपड्यांच्या साबणाच्या फळीवरून त्यांनी धुण्याचा सोडा आणला. हा खाण्याच्या सोड्याचा थोरला भाऊ, जरा तापट. म्हणून बाबांनी त्याला हात न लावता कोरड्या चमच्याने मोजलं आणि पांढऱ्या कागदात त्याच्या पुड्या बांधल्या. लिंबूसत्त्वाच्या पुड्या निळ्या कागदात. पांढरी पुडी माझ्या धुण्याच्या कप्प्यात रिकामी केली. निळी थोड्या पाण्यात विरघळवून शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यासाठी असतो त्या छोट्या कप्प्यात. "तेलकटाला सोडा आधी," ते मला म्हणाले, "आणि पांढऱ्या डागाला आंबट मागाहून. दोघांची गाठ पडू द्यायची नाही."

आणि मग मित्रांनो, मी काम केलं. सोड्याने तेल सोडवलं, माझ्या फवाऱ्यांनी ते खाली लोटलं, घाण पाणी निघून गेलं, आणि मग लिंबूसत्त्वाने पेल्यांवरचा थर उतरवला. फेस नाही, उफाळा नाही, बघण्यासारखं काहीच नाही. दार उघडल्यावर काचेच्या पेल्यातून पलीकडची खिडकी दिसली. एकच अपघात झाला: ड्रायव्हरने आपला ॲल्युमिनियमचा डबा मध्येच घुसवला होता, तो काळाठिक्कर पडला. सोड्याचं आणि ॲल्युमिनियमचं जमत नाही. "साइड इफेक्ट," बाबा गंभीरपणे म्हणाले. ड्रायव्हर अजून तोच डबा नेतो.

सूनबाईंना बाबांनी नळाखाली भांडी घासायची बंदी केली. स्वतः मलम कालवलं, आणि रात्री झोपताना सुती मोजे हातात घालायला लावले. काही दिवस गेले. मग एका सकाळी त्यांनी चिंधीवरून बोट फिरवलं आणि मी कान देऊन ऐकलं. आवाज आला नाही. त्यांनी दुसरं बोट फिरवलं, तिसरं फिरवलं. मग त्यांनी पिशवीतून झगा काढला.

जादूगार खेळाच्या सकाळी धापा टाकत आला. त्याने झगा खिडकीशी धरला, उलटा केला, सुलटा केला, डोळ्याजवळ नेला. "ताई, कुठे होतं हो?" सूनबाईंनी बोट ठेवून दाखवलं तरी त्याला दिसेना. "मी बायकोला गायब करतो ती हातचलाखी असते," तो म्हणाला. "तुम्ही भोक खरोखरच गायब केलंत." सूनबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते पाहून मला वाटलं, हे श्रेय थोडं माझंही आहे. थोडं कशाला, बरंचसं.

पुढे पूल उघडला आणि पावडरही आली. बाबा जरासे हिरमुसले. पण सूनबाईंनी त्यांच्या पुड्या फेकल्या नाहीत. "राहू द्या बाबा. पूल परत बंद व्हायला वेळ लागत नाही," असं म्हणून त्यांनी त्या वरच्या फळीवर ठेवल्या.

आता शेवटचं सांगतो. इतके दिवस मी समजत होतो, की मी आलो आणि सूनबाईंचं भांड्यांचं काम संपलं. पण मला पाय नाहीत. टेबलावरचं ताट माझ्यापर्यंत कोण आणत होतं? खरकटं कोण काढत होतं, माझ्या तळातली गाळणी ओल्या हातांनी कोण धूत होतं, ओली भांडी पुसून जागेवर कोण लावत होतं? हा प्रश्न मला पडला नव्हता आणि त्या दोन पुरुषांनाही पडला नव्हता. झगा नेला त्याच रात्री जादूगाराचा खेळ बघून तिघे परतले, जेवले, आणि सवयीने सूनबाई ताटं गोळा करायला उठल्या.

"बस," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, पण..."

"बस म्हटलं ना. अरे ड्रायव्हर, ऊठ. गाळणी तू काढ, ताटं मी लावतो."

दोघांनी मिळून मला भरलं. चमचे उलटे, ताटं एकमेकांना चिकटलेली, कढई नेमकी माझ्या फिरत्या हाताच्या वाटेत. सूनबाई बघत होत्या. दोनदा त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. पण मग ओठ घट्ट मिटून, दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. ते हात कोरडे होते. त्या घरात एवढी वर्षं काढली, पण जेवणानंतर त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हा मित्रांनो, पावडर संपली तर घाबरू नका. मोठ्यांना सांगा, सोडा आधी आणि आंबट मागाहून. व्हिनेगरही चालतं, पण रोज नको. माझ्या दाराच्या रबराला ते मानवत नाही. फेसाच्या साबणाला माझ्या जवळपासही फिरकू देऊ नका. आणि जेवून झालं की आपलं ताट आपण उचला. आधी जमणार नाही. वाटी सुलटी ठेवाल आणि तिच्यात पाणी साचेल. साचू द्या. मी ती पुन्हा धुईन, तुम्ही ती पुन्हा लावा.